मशीनचा आवाज नाही, म्हणून झोप नाही

प्रश्न : सिस्टर, माझा मुलगा तिसाव्या आठवड्यात झाला, वजन बाराशे ग्रॅम. जवळजवळ दोन महिने कोल्हापूरला काचेत होता. मागच्या आठवड्यात घरी आणला, आता दोन किलो शंभर आहे. तिथे मॉनिटर वाजला की जीव जायचा, इथे तो वाजत नाही म्हणून डोळ्याला डोळा लागत नाही. रात्रभर मोबाइलचा टॉर्च लावून छाती हलतेय का बघत बसते. मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो, मग भराभर चालतो. करोनातला ऑक्सिमीटर पायाच्या अंगठ्याला लावला तर कधी ७८ दाखवतो, कधी काहीच नाही. अंगावर घेतलं की पाच मिनिटांत झोपतो. सासूबाई म्हणतात, तेल-पाणी, धुरी, घुटी नाही म्हणून बाळसं धरत नाही. डोकं लांबट आहे म्हणून त्यांनी राईची उशीही शिवली आहे. घरात वाद नको, पण बाळालाही काही व्हायला नको.
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : आधी तो ऑक्सिमीटर कपाटात टाक. मोठ्या माणसाच्या बोटाचा चिमटा एवढ्याशा अंगठ्यावर बसतच नाही, त्यामुळे त्याच्या आकड्यावर विसंबू नकोस. काचेत असताना पायाला पट्टी गुंडाळायचे, तो सेन्सर वेगळा.

श्वासाचं म्हणशील, तर पाच-दहा सेकंद थांबून मग भराभर श्वास घेणं हे कमी दिवसांच्या बाळांत नेहमी दिसतं. मेंदूचा श्वासावरचा ताबा अजून पक्का झालेला नसतो. ओठ गुलाबी आहेत ना? मग घाबरू नकोस. पण श्वास वीस सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला, किंवा कमी वेळ थांबूनही ओठ-जीभ निळी पडली, अंग ढिलं पडलं, तर तळपाय चोळून उठवायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. श्वास परत सुरू झाला तरी. गाडी नसेल तर १०८. शांत झोपलेल्या बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोज. दोनदा मोजूनही साठच्या वर आले, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, कण्हतोय, दूध सोडलंय किंवा ताप आहे, तर सकाळ व्हायची वाट बघू नकोस. पोट हाताला गार लागलं तर लगेच छातीशी घे आणि तसाच घेऊन नीघ.

आता कॅलेंडर घे. तीस आठवडे पोटात, साधारण आठ बाहेर, म्हणजे अडतीस. दिवस भरतात चाळिसाला. तुझ्या मुलाची तारीख अजून यायचीय गं! तो अंगावर झोपतो ते आळसाने नाही, ओढून पिताना दमतो म्हणून. दर दोन-अडीच तासांनी उठवून पाज. झोपला की उरलेलं दूध काढून वाटी-चमच्याने दे. घरात जुनं बोंडलं, म्हणजे दूध पाजायची चोचीची छोटी वाटी, असेल तर सासूबाईंकडून मागून घे. बोंडलं पाण्यात उकळून घ्यायचं, बाळाला अर्धवट बसतं धरायचं, कड खालच्या ओठाला टेकवायची आणि त्याला चाटू द्यायचं. घशात ओतायचं नाही. दिवसाला सहा-आठ लंगोट ओले होत असतील आणि आठवड्याला एकाच काट्यावर दीडशे-दोनशे ग्रॅम वाढत असतील तर पोट भरतंय. डॉक्टरांनी दिलेले लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब बंद करू नकोस. बसणं, रांगणं दोन वर्षांपर्यंत या भरायच्या तारखेपासून मोजायचं. लशी मात्र जन्मतारखेनेच.

सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्यांना काम दे. बाळाला फक्त टोपडं, मोजे, लंगोट घालून उघड्या छातीशी उभं धरायचं, वरून शाल. हीच कांगारू पद्धत. १९७८ मध्ये कोलंबियात, बोगोटाला, काचेच्या पेट्या पुरेनात तेव्हा सुरू झाली. ती आजीने केली, बापाने केली तरी चालते. आमच्या वॉर्डात एक आजी नातवाला घेऊन तासन् तास बसायच्या, पदराखालून फक्त टोपड्याचा गोंडा दिसायचा. रात्रीचे तीन-चार तास नवऱ्याकडे दे आणि झोप. मात्र धरणाऱ्याने पूर्ण जागं राहायचं, डुलकी यायला लागली की बाळाला त्याच्या जागेवर ठेवायचं.

तेल लावायचंय? डॉक्टरांना विचारून खोबरेल, हलक्या हाताने. नाका-कानात थेंबही नको. अंघोळ गरम खोलीत, झटपट. थंडी असेल तर ओल्या कपड्याने पुसलं तरी पुरे. धुरी अजिबात नको, ओव्याची नको आणि उदाची नको. इतके दिवस ऑक्सिजनवर काढलेल्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. घुटीही नको, सहाण आणि पाणी निर्जंतुक नसतं. राईची उशी राहू दे बाजूला. काचेत कुशीवर आणि पालथं ठेवल्याने डोकं लांबट होतं, ते हळूहळू सावरतं. तिथे पालथं झोपवायचे कारण मॉनिटर होता. घरी उताणंच, उशीशिवाय.

राहिले डोळे, आणि याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात, बाहेर आल्यावर त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. आरओपी म्हणतात त्याला. बाहेरून डोळा अगदी टपोरा, छान दिसतो. वेळेत सापडलं तर लेझरने किंवा इंजेक्शनने नजर वाचवता येते, उशीर झाला तर फार थोडं हातात राहतं. पहिली तपासणी साधारण चौथ्या आठवड्यात करतात, ती तिथेच झाली असेल. पण पडदा पूर्ण झाला असं डॉक्टर सांगेपर्यंत पुन्हा पुन्हा जावं लागतं. बारसं आहे, पाहुणे येणार आहेत म्हणून ही तपासणी पुढे ढकललेली घरं मी पाहिली आहेत. बारसं महिन्याने केलं तरी चालेल. डिस्चार्ज कार्डावर कानांची बेरा तपासणी झाल्याची नोंद आहे का तेही बघ. नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विचार. आणि डोळ्यांची पुढची तारीख उलटून गेली असेल, तर आजच डॉक्टरांना फोन लाव.