घरी व्हिडिओ रेंडर करण्यासाठी मोठं ग्राफिक्स कार्ड घेतलं तर क्वालिटी सुधारेल का?

नाही सुधारणार. रेंडर लवकर संपेल, पण तुमच्या व्हिडिओत जे चौकोन दिसतायत ते तसेच राहतील. तुम्ही लिहिलंय की ढोल-ताशा पथकाचं शूटिंग मिररलेस कॅमेऱ्यावर आणि थोडं मोबाइलवर करता, एडिटिंग प्रीमियर प्रोमध्ये, बजेट सत्तर-ऐंशी हजार, आणि टाइमलाइनवर झकास दिसणारा व्हिडिओ यूट्यूबवर गेला की गुलाल उधळताना फुटतो. तेवढ्यावरूनच सांगतो.

आधी गुलालाचं बघू. एच.२६४ किंवा एच.२६५ हे कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवली जात नाही. आधीच्या फ्रेममधला कुठला तुकडा कुठे सरकला आणि त्यात काय बदललं, बहुतेक वेळा एवढंच नोंदवलं जातं. ध्वज नाचवला, ढोल डावीकडून उजवीकडे गेला, तर हे छान जमतं. गुलाल उडाला की पंचाईत होते. हजारो कण, प्रत्येकाची दिशा वेगळी, पुढच्या फ्रेममध्ये त्यातला निम्मा दिसतही नाही. सरकलेला तुकडा सापडत नाही म्हटल्यावर जवळपास सगळं चित्र नव्याने लिहावं लागतं आणि तुम्ही दिलेल्या बिटरेटमध्ये (दर सेकंदाला किती डेटा वापरायचा त्या मर्यादेत) ते मावत नाही. त्यात नेहमीच्या ४:२:० व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला असते, रंगाची मात्र चार पिक्सेलांत मिळून एकदाच, म्हणून गडद लाल-गुलाबी कडा सगळ्यात आधी फाटतात. कागदी तुकडे आणि पावसाचंही तेच.

म्हणजे खरा उपाय बिटरेट. यूट्यूबची शिफारस १०८०पी ३० फ्रेमसाठी ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) आणि ६० फ्रेमसाठी १२ अशी आहे. समोर बसून बोलणाऱ्या माणसाला ८ भरपूर झाले, तुमच्या मिरवणुकीला नाही. यूट्यूब आपल्याकडून आलेली फाइल पुन्हा दाबतंच, त्यामुळे आपल्याकडून जाताना ती जितकी धडधाकट असेल तितकं बरं. मी अशा व्हिडिओला २५-३० देतो. हिशोब सोपा आहे: बिटरेट भागिले ८, गुणिले सेकंद. ३० एमबीपीएसने दहा मिनिटांची फाइल सव्वादोन जीबीच्या आसपास होते. नेट बरं असेल तर आणखी एक करा, १०८०पीची टाइमलाइन असली तरी २१६०पीमध्ये, म्हणजे फोरकेमध्ये, एक्स्पोर्ट करून ३५ ते ४५ एमबीपीएसने चढवा. तपशील वाढत नाही, पण फोरकेला यूट्यूब चांगला कोडेक आणि जास्त बिटरेट देतं, त्याचा फायदा बघणाऱ्याला मिळतो.

प्रीमियरच्या एक्स्पोर्टमध्ये परफॉर्मन्स या जागी 'हार्डवेअर एन्कोडिंग' असतं, म्हणजे दाबायचं काम ग्राफिक्सच्या चिपकडे. ते 'सॉफ्टवेअर' केलंत की व्हीबीआर (गरजेप्रमाणे बदलणारा बिटरेट) टू पास हा पर्याय मिळतो. हार्डवेअरवर तो मिळत नाही. टू पासमध्ये प्रोग्राम आधी सगळा व्हिडिओ चाळतो आणि मग शांत शॉटचे बिट वाचवून गुलालाला देतो. वेळ चांगलाच जास्त लागतो. रात्री लावून झोपायचं. घाई असेल तर हार्डवेअरच ठेवा आणि बिटरेट वाढवा, एवढं काही बिघडत नाही. हँडब्रेक (व्हिडिओ रूपांतराचं फुकट सॉफ्टवेअर) वापरत असाल तर एन्कोडर एक्स२६४, क्वालिटीचा आकडा आरएफ १८, प्रीसेट स्लो. आरएफचा आकडा जितका लहान तितकी फाइल मोठी आणि चित्र चांगलं.

आता खरेदी. इथे कॅमेरा काय लिहितो ते आधी बघा. १०-बिट ४:२:२ एच.२६५, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवणारा प्रकार, असेल (हल्लीच्या बऱ्याच मिररलेसमध्ये असतो), तर ते उलगडायला एनव्हिडियाच्या ३० आणि ४० सिरीजच्या कार्डांत हार्डवेअरच नाही. ५० सिरीजमध्ये आलं. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या कोअर प्रोसेसरांतलं साधं अंगचं ग्राफिक्स मात्र हे काम करतं. म्हणून दुकानदार दोन पैसे वाचवून देतो म्हणून नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर गळ्यात मारेल, तो घेऊ नका. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विक सिंक (इंटेलचं व्हिडिओ उलगडणारं हार्डवेअर) नाही, म्हणजे टाइमलाइन अडखळणार. बाकी १६ जीबी रॅम किमान (८-८ च्या दोन कांड्या), जमलं तर ३२, आणि एक टीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी). कार्ड अजिबात नको असं म्हणत नाही. कलर ग्रेडिंग आणि इफेक्ट तेच पेलतं. ८ जीबी मेमरीचं मधलं कार्ड पुरे. त्यापुढचे पैसे यूपीएसमध्ये घाला, निम्म्या रेंडरला लाइट गेली की एमपी४ फाइल बहुधा उघडत नाही.

मॅक मिनीही वाईट नाही. एम४ चिपवाल्यात सुरुवातीपासून १६ जीबी मेमरी आहे आणि ४:२:२ तो आरामात चालवतो, फक्त रॅम पुढे वाढवता येत नाही.

मोबाइलचे शॉट व्हेरिएबल फ्रेमरेटचे असतात, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हे मध्येच कमीजास्त होतं. लांब शॉटमध्ये टिपरू ढोलावर पडतं आधी आणि आवाज येतो नंतर, असं झालं तर एडिटिंगआधी ते हँडब्रेकमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट करून घ्या. मंडपातल्या रोषणाईची लुकलुक मात्र रेंडरमध्ये जात नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० शूटिंगच्या वेळीच ठेवा.

पथकाच्या नावात जोडाक्षरं तुटत असतील तर प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये, ग्राफिक्सखाली, टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन' करा. आणि मंडळाच्या टीव्हीवर पेन ड्राइव्ह लावून दाखवणार असाल तर वेगळी १०८०पी एच.२६४ प्रत काढा. जुना पेन ड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर कॉपीच होणार नाही, एक्सफॅट करायचा तर तो टीव्ही वाचतो का ते आदल्या दिवशी बघून ठेवा.