चाळीस शब्दांची वही

“ताई, डोकं चांगलं आहे हो हिचं, पण शब्द टिकतच नाहीत. मीडियम गुजराती होतं ना,” खुर्चीत बसता बसताच आईनं सांगून टाकलं.

वडोदऱ्यात हे वाक्य माझ्या कानावर वरचेवर पडतं. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची आपली मराठी घरं. घरात मराठी, शाळेत गुजराती, आणि पदवी झाली की एकदम परदेशाची तयारी. ही मुलगी सयाजीराव विद्यापीठात एम.एस्सी. करत होती आणि जीआरई, म्हणजे परदेशातल्या उच्चशिक्षणाच्या प्रवेशासाठीची परीक्षा, देणार होती. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत, काळजी मात्र आहे तशीच ठेवली आहे.

तिनं वही पुढे केली. प्रत्येक पानाला उभी घडी. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे गुजराती लिपीत अर्थ. रोज चाळीस. मी सहज ‘स्पीशस’वर बोट ठेवलं. ती थांबली, छताकडे पाहिलं, म्हणाली, “हा मागच्याच आठवड्यात केला होता,” आणि डोळे भरून आले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागरण, जेवतानाही वही ताटाशेजारी.

आधी झोपेचं बोलणं झालं. मग विचारलं, ही यादी कुठली? एका सीनियरनं दिलेली, आणि त्यालाही कुणीतरी दिलेली. जीआरईत पूर्वी सुट्या शब्दांचे विरुद्धार्थी आणि शब्दजोड्या विचारत. ऑगस्ट 2011 पासून ते प्रश्न गेले, आता शब्द येतो तो वाक्याच्या किंवा उताऱ्याच्या ओघात. म्हणजे पोरगी एका जुन्या परीक्षेसाठी जागत होती.

पुढे चूक माझी. लॅटिन मूळशब्दांचं एक पान मी तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, यावरून अर्थ लागतील. आठ दिवसांनी आली ती पाढे म्हटल्यासारखी: “स्पेक म्हणजे पाहणे, ड्यूक म्हणजे नेणे, क्रेड म्हणजे विश्वास ठेवणे...” एक घोकंपट्टी सोडवायला गेले आणि दुसरी गळ्यात बांधली.

पान बाजूला ठेवलं. विचारलं, दहावीला संस्कृत होतं? होतं. “मग ‘हृ’ धातूला उपसर्ग लावून दाखव.” आहार, विहार, संहार, प्रहार अशी गाडी सुरू झाली, आणि तिला स्वतःलाच तो श्लोक अर्धामुर्धा आठवला. उरलेला मी पुरवला:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूच्या अर्थाला बळजबरीनं भलतीकडे ओढून नेतो. “हेच तिकडे चालतं,” मी म्हटलं, आणि एकाच ‘स्पेक’ला धरून बसलो. ‘सब’ म्हणजे खालून. खालून, चोरून पाहणं, तो सस्पेक्ट, संशय. ‘सर्कम’ म्हणजे भोवती. चहूकडे बघून पाऊल टाकणारा तो सर्कमस्पेक्ट, सावध. ‘पर’ म्हणजे आरपार. “परस्पिकेशस?” मी विचारलं. “आरपार पाहणारा... पारखी?” तिनं विचारतच उत्तर दिलं. बरोबर होतं. मग तिला रडवणारा ‘स्पीशस’ काढला. त्याच्या मुळाशी रूप, देखावा. दिसायला बिनतोड, आतून पोकळ. तो शब्द नंतर कधी विसरल्याचं तिनं सांगितलेलं नाही. आपल्याकडे हेराला संस्कृतात ‘स्पश’ म्हणतात, तोही याच कुळातला.

नकार दाखवणाऱ्या ‘इन’चा कधी ‘इम’, कधी ‘इल’ का होतो, हे समजावण्याची वेळच आली नाही. इम्पॉसिबल, इल्लीगल लिहिलं तशी तीच म्हणाली, “हा तर संधी आहे, उत् अधिक लेख, उल्लेख!”

पण श्लोकातल्या ‘बलात्’कडे तिचं दुर्लक्ष झालं होतं. पुढच्या खेपेला आली ती फुशारून. पेडेस्ट्रियन पायी चालणारा, तर पेडियाट्रिशन पायांचा डॉक्टर! आईच हसली, कारण धाकट्याला घेऊन तिनं त्या दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. पहिला ‘पेड’ लॅटिन, पाऊल. दुसरा ग्रीक, मूल. ‘इन्व्हॅल्युएबल’चाही अर्थ तिनं ‘कवडीमोलाचा’ असा लावला. मी फक्त विचारलं, “मग अमूल्य म्हणजे काय?” ती जीभ चावून गप्प.

तेव्हापासून ठरलं: मुळावरून अंदाज बांधायचा, पण तो कच्चा. शब्द एखाद्या लेखात वाक्यात भेटला पाहिजे, शब्दकोशात पडताळला पाहिजे, आणि स्वतःचं एक वाक्य त्यावर लिहिलं पाहिजे. इतकं करायचं तर रोज आठच शब्द होतात. आठच ठेवले. ज्यांना मूळ लागत नाही असे शब्दही पुष्कळ असतात, ते सरळ पाठ करावे, त्यात कमीपणा नाही.

मीडियमची लाज कधी कमी झाली, ते मला नेमकं सांगता येणार नाही. पण ‘ऑस्पिशस’ तिनं घरी आजोबांना ऐकवला. ‘एव्हिस’ म्हणजे पक्षी, पुढे तेच पाहणं. रोममध्ये पक्ष्यांवरून शुभाशुभ सांगणारे असत, त्यावरून शुभ या अर्थाचा शब्द. आजोबा म्हणाले, “त्यात नवल काय? शकुन म्हणजे मुळात पक्षीच. शकुन्त पक्ष्यांनी राखलं म्हणून तर शकुंतला.” हे सांगायला तिनं मला भेटीच्या वेळेआधीच फोन केला. नंतर वही पाहिली, तर ‘ऑस्पिशस’समोर गुजराती अर्थ खोडून देवनागरीत ‘शकुन’ लिहिलेलं, आणि शेजारी पेनानं काढलेली एक बारीकशी चिमणी.

परीक्षेला अजून दोन महिने आहेत. रात्री अकराला दिवा बंद होतो म्हणे. आई मात्र प्रत्येक वेळी दारात थांबून विचारते, “ताई, आठ पुरतील ना? निदान दहा तरी करायचे का?”