राउंडक्यूब १.४ वरून १.६ वर न्यायचं आहे. सगळ्यांचे मेल उडतील का?

नाही, मेल उडणार नाहीत. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत: शाळेच्या सर्व्हरवर आधीच्या माणसाने बसवून ठेवलेलं राउंडक्यूब (ब्राउझरमध्ये मेल बघायचा प्रोग्राम) १.४ आहे, साठेक शिक्षक ते वापरतात, आणि अपग्रेड करताना काही बिघडलं तर सगळं तुमच्या अंगावर येईल म्हणून वर्षभर हात लावलेला नाही. दुसरी गोष्ट मला चांगलीच कळते. मी तीन छोट्या संस्थांचे सर्व्हर सांभाळतो आणि एकदा याच अपग्रेडमध्ये तोंडावर आपटलोय. ते पुढे सांगतो.

आधी भीती योग्य जागी नेऊ. राउंडक्यूब ही फक्त खिडकी आहे. पत्रं असतात आयमॅप सर्व्हरकडे, म्हणजे मेल साठवून ठेवणाऱ्या प्रोग्रामकडे; बहुतेक ठिकाणी तो डव्हकॉट असतो. उद्या राउंडक्यूबचं अख्खं फोल्डर उडवलंत तरी मोबाइलवरच्या मेल अ‍ॅपमध्ये सगळे मेल जिथल्या तिथे दिसतील. राउंडक्यूबच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये काय असतं? प्रत्येकाची संपर्कवही, सह्या, ओळखी (पाठवणारा म्हणून दिसणारं नाव-पत्ता) आणि सेटिंग. जपायचं ते हे. मुख्याध्यापकांची दहा वर्षांत जमवलेली पालकांची संपर्कयादी गेली तर मेल गेल्यापेक्षा मोठा गोंधळ होईल. म्हणून डेटाबेसचा डंप (सगळ्या माहितीची एका फाइलीत काढलेली नक्कल) आणि अख्ख्या फोल्डरची प्रत, दोन्ही सर्व्हरबाहेर ठेवा. त्यानंतरच पुढचं.

आता घाईचं कारण. १ जून २०२५ ला राउंडक्यूबने १.६.११ आणि १.५.१० काढल्या, त्या सीव्हीई-२०२५-४९११३ या नोंद क्रमांकाच्या सुरक्षेतल्या भोकासाठी. लॉगइन करू शकणारा कोणीही त्यातून थेट सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता, आणि हे भोक कोडमध्ये दहा वर्षं होतं. ‘लॉगइन लागतं ना, मग काय’ असं म्हणू नका. साठ शिक्षकांपैकी एकाचा पासवर्ड शाळेचं नाव आणि १२३ असणार, पैज लावा. त्याआधी २०२३ च्या ऑक्टोबरमधलं भोक तर असं होतं की आलेला मेल नुसता उघडला तरी हल्लेखोराची स्क्रिप्ट चालायची. तेव्हा १.४ च्या लोकांना निदान १.४.१५ मिळाली. या वेळी १.४ साठी काहीच आलं नाही. म्हणजे तुमचा सर्व्हर ‘चालतोय ना, राहू दे’ या वर्गात आता बसत नाही.

एक तपासून घ्या: राउंडक्यूब डेबियन या लिनक्सच्या पॅकेजमधून बसवलंय की हाताने उतरवून? डेबियन ११ मध्ये १.४ येतं आणि १२ मध्ये १.६. पॅकेजचं असेल तर पुढचं वाचू नका, ऑपरेटिंग सिस्टिमच वर न्या. त्याच फोल्डरावर हाताने नवी आवृत्ती ओतलीत तर पुढे दोघांत भांडण लागतं. आणि होस्टिंग पॅनेलबरोबर आलेलं असेल तर पॅनेल अपडेट करा, बस.

हाताने बसवलेलं असेल तर आधी नकलेवर करा. इथेच पहिला खड्डा आहे. फोल्डरची नक्कल केली, चाचणीचा वेगळा पत्ता दिला, अपग्रेड चालवलं, आणि कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये डेटाबेसचं नाव जुनंच राहिलं, तर बदलतो तो चालू डेटाबेस. डेटाबेसचीही नक्कल करा आणि नकलेच्या कॉन्फिगमध्ये तिचंच नाव आहे हे डोळ्यांनी वाचून खात्री करा.

प्रत्यक्ष काम कंटाळवाणं आहे, म्हणजे चांगलं आहे. १.६ मालिकेतलं सर्वांत नवं ‘कम्प्लीट’ पॅकेज घ्या (दुसऱ्या पॅकेजात लागणाऱ्या लायब्ररी नसतात, त्या शोधत बसावं लागतं). ते वेगळ्या फोल्डरात उघडा, त्यातल्या ‘बिन’मधली ‘इन्स्टॉलटू’ स्क्रिप्ट चालवा आणि तिला जुन्या फोल्डरचा पत्ता द्या. फाइली तीच बदलते, डेटाबेसही तीच वर नेते. मध्ये १.५ वर थांबायची गरज नाही: बदलांच्या फाइलींना तारखेसारखे आकडे असतात, डेटाबेसच्या ‘सिस्टिम’ टेबलात शेवटचा आकडा लिहिलेला असतो, आणि त्यानंतरचे सगळे बदल ओळीने लागतात. राउंडक्यूब ज्या भाषेवर चालतं ती पीएचपी मात्र किमान ७.३ हवी. कमांड लाइनवर एक पीएचपी आणि वेबसाइटला दुसरी, असं जुन्या सर्व्हरवर सर्रास असतं, तेव्हा दोन्ही बघा.

आता माझी फजिती. १.६ मध्ये कॉन्फिगमधली नावं बदलली. आयमॅपचा ‘डिफॉल्ट होस्ट’ आता ‘आयमॅप होस्ट’ झाला, मेल पाठवणारा ‘एसएमटीपी सर्व्हर’ आता ‘एसएमटीपी होस्ट’ झाला, आणि पोर्टची (सर्व्हरवरच्या दाराच्या नंबरची) वेगळी ओळ गेली. पोर्ट होस्टच्याच ओळीत, विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके देऊन लिहायचा. स्क्रिप्ट विचारते, दुरुस्त करून देऊ का? मी म्हटलं, माझी मी करतो. नवं नाव लिहिलं, पुढे ‘लोकलहोस्ट’ लिहिलं आणि निघालो. लॉगइन झालं, मेल दिसले, मी चहा प्यायला गेलो. तासाभराने फोन: ‘साहेब, मेल येतात, पण जात एकही नाही.’ त्या सर्व्हरवर मेल पाठवायची सोय २५ नंबरच्या पोर्टवर होती. पोर्ट लिहिला नाही की राउंडक्यूब ५८७ वर जातं, आणि तिथे ऐकायला कोणी नव्हतंच. ‘लॉग्ज’ फोल्डरातल्या ‘एरर्स’ फाइलच्या शेवटच्या ओळीत ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी मात्र अर्धा तास फायरवॉल उचकटत बसलो. म्हणून चाचणीत फक्त लॉगइन करून थांबू नका. स्वतःला एक मेल पाठवा, बाहेरच्या पत्त्यावर एक पाठवा, फाइल जोडून एक पाठवा. फाइल जोडताना अडकलं तर बहुधा तुम्ही स्क्रिप्ट रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवलीत आणि ‘टेम्प’ फोल्डरची मालकी वेब सर्व्हरकडे राहिली नाही.

कॉन्फिगमधली ‘डेस की’ नावाची चोवीस अक्षरांची किल्ली जशीच्या तशी राहू द्या.

लोकांना आधी सांगायची गोष्ट एकच: रूप बदलेल. जुनी ‘लॅरी’ आणि ‘क्लासिक’ ही रूपं १.६ च्या पॅकेजातून काढली आहेत, आता ‘इलॅस्टिक’. ते मोबाइलवर छान दिसतं, पण ऑफिसमधल्या बाईंचं ‘पाठवा’ बटण हललं की शाळा डोक्यावर घेतली जाते. आदल्या दिवशी दोन ओळींचा मेल टाका, चित्र जोडून. आणि आधीच्या माणसाने बाहेरून आणलेले प्लगइन असतील तर सुरुवातीला बंद ठेवा, मग एकेक चालू करत जा.

झाल्यावर ब्राउझरमध्ये वेबमेलच्या पत्त्यापुढे ‘लॉग्ज’मधल्या त्याच फाइलचं नाव टाकून बघा. उघडली तर गडबड आहे. वेब सर्व्हर अपाचे असेल तर त्याला अशा फाइली बंद ठेवायला सांगणारी फाइल राउंडक्यूबबरोबर येते, पण एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर ती वाचतच नाही. वेब सर्व्हरला अख्ख्या फोल्डराऐवजी आतलं ‘पब्लिक एचटीएमएल’ दाखवा, म्हणजे बाकीचं बाहेरून दिसतच नाही. ‘इन्स्टॉलर’ फोल्डरही काढून टाका.

आणि जुन्या फोल्डरची प्रत वेब फोल्डरात राहू देऊ नका. एका संस्थेत मला अशी प्रत तिथेच ‘मेल-जुना’ नावाने ठेवलेली सापडली, पत्ता टाकला की लॉगइनचं पान हजर, आवृत्ती १.३. शेजारी नवं झकास १.६ चालू होतं.