स्लर्म असताना स्नेकमेक किंवा नेक्स्टफ्लो कशाला हवं?

“सॅम्पलागणिक एक जॉब टाकणारा बॅशचा फॉर लूप आहे, मग वेगळं फ्रेमवर्क कशाला?” स्लर्म, म्हणजे क्लस्टरवर जॉब रांगेत लावणारं सॉफ्टवेअर, असताना पाइपलाइनच्या पायऱ्या सांभाळणारी स्नेकमेक-नेक्स्टफ्लोसारखी फ्रेमवर्क कशाला, हा तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या जुन्या लॅबमधले एक सर आठवले. शब्दन् शब्द हेच. वर “ही सगळी फॅशन आहे” हे ठरलेलं.

त्यांची स्क्रिप्ट अख्खी लॅब वापरायची. झेडकॅटने फास्टक्यू (सिक्वेन्सरने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांची दाबलेली फाइल) उघडायची, पाइपने बीडब्ल्यूएला (ते तुकडे संदर्भ जिनोमवर जुळवणारा प्रोग्रॅम) द्यायची, तिथून सॅमटूल्स सॉर्ट, म्हणजे जुळलेले तुकडे क्रमाने लावायचे. एकदा एका सॅम्पलची फाइल डाउनलोड होतानाच तुटली होती. झेडकॅटने होतं तेवढं पुढे ढकललं आणि लॉगमध्ये ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल’ लिहून गप्प बसलं. बीडब्ल्यूएला वाटलं, इनपुट संपलं. सॅमटूल्सने जुळलेल्या तुकड्यांची व्यवस्थित बॅम फाइल करून दिली. पाइपचा एक्झिट कोड शेवटच्या कमांडचा, म्हणजे शून्य, अर्थात ‘सगळं ठीक’. स्लर्ममध्ये जॉब ‘कम्प्लीटेड’. कव्हरेज (जिनोमची प्रत्येक जागा सरासरी किती वेळा वाचली गेली ते) निम्मं का आलं म्हणून मीटिंगमध्ये बोलणी मात्र लायब्ररी प्रेप, म्हणजे डीएनए सिक्वेन्सिंगसाठी तयार करणाऱ्या मुलीने खाल्ली.

मी तीच पाइपलाइन स्नेकमेकमध्ये लिहिली. ते सॅम्पल पहिल्याच रनला लाल अक्षरांत फेल झालं, कारण स्नेकमेक शेल कमांड पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फसली तर अख्खा पाइप फसला असं धरणारी सेटिंग) लावूनच चालवतं आणि फसलेल्या जॉबचं अर्धवट आउटपुट पुसून टाकतं. सर म्हणाले, “पाइपफेल बॅशमध्येही एका ओळीत लिहिता येतं.” येतं ना! मग तुमच्या स्क्रिप्टमध्ये का नव्हतं?

रांग लावणं, नोड वाटणं हे स्लर्मचं काम, ते तो चोख करतो. पण इनपुट बदलल्यावर कुठलं आउटपुट शिळं झालं, हे त्याला कळत नाही; ते ही फ्रेमवर्क ओळखतात. मेक या जुन्या बिल्ड टूलमध्ये ही सोय 1970च्या दशकापासून आहे. गुरुत्वीय लहरी शोधणारे लिगोवाले एचटीकॉन्डोरवर (स्लर्मसारखंच रांग लावणारं सॉफ्टवेअर) पेगासस हे असलंच फ्रेमवर्क चालवतात, ते काय फॅशन म्हणून?

पायथन येत असेल तर स्नेकमेक घ्या. एनएफ-कोर या समुदायाच्या तयार पाइपलाइन हव्या असतील तर नेक्स्टफ्लो, त्यातली ग्रूव्ही ही प्रोग्रॅमिंग भाषा सोसायची तयारी ठेवून. नेक्स्टफ्लोचं वर्क फोल्डर मात्र डिस्कचा कोटा फस्त करतं, आणि एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायची सामायिक डिस्क) टाइमस्टॅम्प घोळ घालतात म्हणून रिझ्यूम केल्यावर झालेलं कामही पुन्हा सुरू होतं; तिथे कॅशची सेटिंग ‘लेनियंट’ ठेवा.

चार-पाच सॅम्पल एकदाच चालवायचे असतील तर फॉर लूप पुरतो, तेवढं सरांचं खरं. आणि स्नेकमेक-नेक्स्टफ्लो दोन्हींची मुख्य प्रोसेस शेवटपर्यंत चालू राहावी लागते. काही क्लस्टरवर लॉगिन नोडवर ती चालू देत नाहीत, तेव्हा अ‍ॅडमिनला आधीच विचारा.