आजोबांचं गाव फक्त नावानं माहिती आहे, परदेशातून येऊन आपली मुळं शोधता येतात का?

येतात की. पण तुम्ही विचारताय की सुरुवात जुन्या कागदपत्रांपासून करू का, तर तेवढं करू नका. तुमचा जन्म लंडनचा, मराठी ऐकून समजते, गाव सांगली जिल्ह्यात, म्हणजे माझ्यापेक्षा फार वेगळं नाही, म्हणून माझं काय झालं ते सांगते.

आमचं गाव विट्याजवळ, खानापूर तालुक्यात. हा दुष्काळी पट्टा, त्यामुळं इथली माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामात, देशभर पांगली. वडील कोइमतूरला गेले तेव्हा मी चार वर्षांची, शाळा सगळी तमिळ मुलींबरोबर, पुढं नोकरीसाठी टोरंटो आणि मग तिथलंच नागरिकत्व. घरातली मराठी म्हणजे 'जेवलीस का' आणि 'झोप आता'. 2018 ला आई गेली आणि तेवढंही विचारणारं कुणी राहिलं नाही. पुढच्या वर्षी सहा महिने राहायचं ठरवून गावी आले.

आल्या आल्या तलाठ्याकडं सातबारा बघायला गेले. मला फक्त आजोबांचं नाव छापलेलं बघायचं होतं हो! पण संध्याकाळपर्यंत अख्ख्या भावकीत झालं की कॅनडावाली वाटणी मागायला आलीय. 2005 पासून लेकींनाही वडिलोपार्जित जमिनीत सारखा वाटा आहे, त्यामुळं लोकांची शंका अगदीच खुळी नव्हती, पण चुलतभाऊ आठ दिवस बोलला नाही. (तुमच्याकडं ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, असेल तर त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं मिळू शकते. पण हा विषय निदान पहिल्या खेपेला काढूच नका.)

शेवटी आत्तीच म्हणाली, "कागदात काय बघतीस गं, हिकडं ये, हुलगं भाज." भाजले, निम्मे करपवले. मग तिनं ते जात्यावर दळलं, पीठ पाण्यात कालवलं, गूळ आणि चिमूटभर मीठ टाकून चुलीवर ढवळत बसली आणि वाटी हातात दिली. माडगं! एक घोट घेतला आणि मी गप्पच झाले, कारण कोइमतूरला पाऊस लागला की आई कोल्लूचं (तमिळमध्ये हुलग्याला कोल्लू म्हणतात) असंच काहीतरी गोड पातळ करायची आणि मी ते आयुष्यभर तमिळ समजत होते, टोरंटोत तमिळ मैत्रिणींना कौतुकानं सांगायचे तर त्या म्हणायच्या असलं काय आमच्यात नसतं. आत्तीला हे सांगितलं तर ती इतकी हसली की पदर तोंडाला लावला, आणि मग रडली पण.

सुगी झाल्यावर हेळवी आला. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांभाळतात, पूर्वी बैलावरून यायचे, आमच्याकडं आला तो टेम्पोतून. सोप्यात बसून त्यानं वही उघडली आणि खापरपणज्यापासून नावं घेत सुटला, मूळ गाव कुठलं, देवक कुठलं, कुलदैवत रेणावीचा रेवणसिद्ध, सगळं धडाधडा. वडिलांच्या नावाखाली माझ्या भावाचं नाव होतं, जो कधी इथं आलाच नाही. माझं नव्हतं. लेकीचं लिहीत नसतो म्हणाला. आत्ती म्हणाली, "मग जुंधळं पण लेकानंच घालावं तुला, मी बी लेकच हाय ह्या घरची." तो जरा घुटमळला आणि बॉलपेननं कडेला लिहिलं, आडवं, बारीक, आडनाव टोरंटोचं नाही, इथलं.

तुमच्या गावात हेळवी येतो का आणि त्याची यायची पाळी कधी असते ते भावकीत विचारा, आमच्याकडं दोन-तीन वर्षांनी असते. भावकीच माहीत नसेल तर गावच्या जत्रेला या, तेव्हा बाहेर गेलेली सगळी घरं परत येतात आणि देवळासमोर नुसतं उभं राहिलं तरी कुणीतरी म्हातारी 'कुणाची गं तू?' विचारतेच. आजोबांचं नाव सांगा. आणि जमल्यास त्यांचं घरातलं टोपणनाव आधी कुणाकडून तरी काढून ठेवा, गावात लोक त्याच नावानं ओळखतात.