गोळी वाढवण्याआधी

प्रिय डॉक्टर,

भांडुपला दवाखाना सुरू केलास, फार आनंद झाला. मधुमेहाचे रुग्ण तुझ्याकडे भरपूर येतील. कुणाची फास्टिंग शुगर आणि बीपी औषधं चालू असूनही दोन्ही वरच राहिली, तर गोळी वाढवण्याआधी विचार, रात्री किती वाजता झोपता, किती वाजता उठता? जेवणाची चौकशी आपण सगळेच करतो. झोपेची फार थोडे करतात.

निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत १० ते २० टक्के उतरतो. झोप तुटक असली की शरीराला सावध ठेवणारी सिम्पथेटिक मज्जासंस्था जागीच राहते आणि तो पुरेसा उतरत नाही. मधुमेहाने नसांना इजा झाली असेल तर हा उतार आधीच मंदावलेला असतो. म्हणजे दुपारी तू मोजलेला आकडा बरा दिसेल आणि किडनी रात्रभर मार खात राहील. शंका आली तर २४ तासांचा बीपी मॉनिटर लाव.

हार्मोन्सचंही तसंच. शिकागो विद्यापीठाच्या १९९९ च्या अभ्यासात निरोगी तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं. तेवढ्यात त्यांच्या शरीराची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता घटली आणि संध्याकाळी उतरायला हवं ते कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वर राहिलं. तिथल्याच २००४ च्या अभ्यासात, दहा तासांऐवजी चार तास झोपल्यावर दोनच रात्रींत, पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन १८ टक्के कमी आणि भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्के जास्त आढळलं. ही धडधाकट मुलं होती. आता शुगर असलेली पन्नाशीची बाई डोळ्यासमोर आण. नवरा रात्री उशिरा कामावरून येतो म्हणून जागते आणि पहाटे नळाला पाणी येतं म्हणून चारला उठते. तिला 'तोंडावर ताबा ठेवा' म्हणून रागावू नकोस. मला ते ऐकवत नाही.

घोरण्याचं सोबत आलेल्याला विचार. एका खोलीत सगळे झोपतात, त्यांना बरोबर ठाऊक असतं. श्वास मध्येच अडकतो म्हणाले तर स्लीप स्टडीला, म्हणजे झोपेतला श्वास तपासायला, पाठव. रात्री लघवीला किती वेळा उठतात? शुगर वाढली की लघवी वाढते, त्याने झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेने शुगर आणखी चढते. लघवी वाढवणारी गोळी रात्री चालू असेल तर सकाळी दे. घामाने भिजून जाग येत असेल तर मात्र रात्री शुगर खाली जाते का ते आधी बघ. तिथे डोस वाढवणं धोक्याचं आहे.

रविवारी दादरला येशील तेव्हा अशा दोन-तीन रुग्णांच्या नोंदी घेऊन ये. निवांत बसून बघू.