परवाना मंजूर झालाय. घर, प्रवास, शेत आणि थोडी नेमबाजी, सगळ्याला चालेल अशी एकच हँडगन कोणती घ्यावी?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की व्यवसाय रोखीचा आहे, बजेट दीड लाख आहे, मित्र म्हणतो नाइन एमएम घे आणि मेहुणे म्हणतात रिव्हॉल्व्हर आता जुनाट झालं, पिस्तूल घ्या.

माझा हायवेवर पेट्रोल पंप आहे आणि २०११ पासून परवाना आहे. माझं उत्तर मेहुण्यांना आवडणार नाही: .३२ चं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर घ्या.

मित्राचा सल्ला आधी निकालात काढतो. तुमच्या परवान्यावर 'एन. पी. बोअर' असं लिहिलेलं असेल, म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड, बंदी नसलेलं नळीचं माप. नाइन एमएम, .३८, .४५५ ही पोलीस आणि लष्कराची मापं, तुम्हा-आम्हाला बंद. मित्र बहुतेक अमेरिकेतले व्हिडिओ बघत असतील. तिकडे या प्रश्नावर लोक रात्र रात्र भांडतात, कारण दुकानात भिंतभर माल टांगलेला असतो. आपल्याकडे गन हाउसवाला काउंटरवर दोन-तीन डबे उघडून ठेवतो, चहा मागवतो आणि विषय संपतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयातच बंद आहे. त्यामुळे कुणी आजोबांच्या वेळचं विलायती वेब्ली किंवा जर्मन वॉल्थर विकायला काढलं, तर किंमत ऐकून माणूस खुर्ची शोधतो. त्या मोहात पडू नका. काडतुसावर आपटणारी फायरिंग पिन तुटली तर ती कुठून आणणार?

म्हणजे निवड उरली दोनच घरांत. एक, रिव्हॉल्व्हर: कानपूरच्या सरकारी कारखान्याचं साधं .३२, त्याचंच टायटॅनियम मिश्रधातूचं हलकं भावंड 'निर्भीक' (२०१४), २०२३ मध्ये आलेलं 'प्रबल', आणि खासगीत म्हणाल तर उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात त्याच नावाने बनणारं देशी वेब्ली. दुसरं, पिस्तूल: 'अशनी' वगैरे, ७.६५ एमएमची.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण यात नवखे हमखास फसतात. बोलताना दोन्हींना 'बत्तीस'च म्हणतात, पण काडतुसं वेगळी. रिव्हॉल्व्हरचं लांब आणि बुडाला कडा असलेलं, पिस्तुलाचं आखूड. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. दुकानात नुसतं 'बत्तीसची द्या' म्हणू नका. काडतुसांची नोंद परवान्यावर चढते आणि ती फिरवून घ्यायला किती खेटे घालावे लागतात ते मी केलंय, तुम्ही करू नका. ही काडतुसं आपल्याच खडकीच्या दारूगोळा कारखान्याची असतात. बुडावर 'केएफ' असा छाप असतो. पेपरात गोळीबाराच्या बातमीत 'केएफ ७.६५ लिहिलेली पुंगळी सापडली' असं वाचलं असेल, ते हेच.

आता रिव्हॉल्व्हरच का. सगळं येऊन अडतं काडतुसांवर. वर्षाला किती घ्यायची आणि एका वेळी किती जवळ ठेवायची, हे दोन्ही आकडे परवान्यावर असतात. माझ्यावर ५० आणि २५ आहेत. त्यातली थोडी घरात ठेवावीच लागतात. उरलेल्यांत वर्षभराचा सराव! शिवाय एकेक काडतूस वडापावच्या भावात येत नाही. अमेरिकेतला माणूस एका रविवारी जितकी उडवतो, तितकी आपल्याला तीन-चार वर्षं पुरवायची आहेत. पिस्तूल हे सरावाचं हत्यार आहे. सराव असेल तर ते रिव्हॉल्व्हरपेक्षा सरस, हे मी मान्य करतो: चपटं, खिशात बसणारं, भराभर भरता येणारं. पण सराव नसेल तर?

आमच्या शेजारच्या ढाब्याचे आण्णा. त्यांनी पिस्तूल घेतलं, मोठ्या हौसेने. आम्ही दोघं रायफल क्लबच्या रेंजवर गेलो. मे महिना, वर पत्रा. चार गोळ्या झकास गेल्या, पाचवीला नुसतं 'टक्'. प्रशिक्षक मागून ओरडले, "नळी समोर ठेवा, हलू नका." तीस आकडे मोजले. मग मॅगझीन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी काढायची, स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग मागे ओढून ते काडतूस बाहेर टाकायचं. आण्णांचे हात घामाने बुळबुळीत. स्लाइड अर्धी ओढली आणि सुटली, काडतूस निघता निघता तिरकं अडकलं. आण्णा त्याला नखाने उकरतायत, घाम नाकावरून स्लाइडवर ठिबकतोय. दोन मिनिटं तरी गेली असतील. ही दोन मिनिटं रेंजवर, पंखा चालू, शेजारी जाणता माणूस उभा.

माझंही काडतूस एकदा फुटलं नाही. रेंजचा नियम म्हणून मीही थांबलो. पण खरी वेळ असती तर ट्रिगर पुन्हा ओढायचा, पुढच्या गोळीचं घर आपोआप नळीसमोर येतं. हे करायला सराव लागत नाही. घाबरलेला माणूसही हेच करतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि ते घरातलं आहे. माझं रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्लीच्या धर्तीचं, मधे मोडणारं. अंगठ्याने खटका दाबला की नळी पुढे झुकते आणि सहाच्या सहा एकदम वर येतात. ट्यूबलाइटसमोर धरलं की सहा भोकांतून उजेड दिसतो. दिसला म्हणजे रिकामं. आमच्या सौभाग्यवतींना हत्याराचा तिटकारा आहे, पण हे त्यांनाही तपासता येतं. पिस्तुलात मॅगझीन काढलं की लोकांना वाटतं रिकामं झालं. एक गोळी आत चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या टोकाला, बसलेली असते. 'साफ करताना गोळी सुटली' या बातम्यांमागे बहुतेक वेळा तीच एक गोळी असते. तुम्ही दोन मुलांचा उल्लेख केलाय, म्हणून हे लांबवलं. हत्यार काहीही घ्या, कुलपाची छोटी तिजोरी त्याच दिवशी घ्या.

आता तुमची यादी. घर आणि रोकड नेणं यांसाठी .३२ पुरे आहे. नाइन एमएमच्या मानाने ते दुबळं, जोर साधारण तिसरा हिस्सा. पण तीन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरने माणूस जेमतेम दहा-पंधरा मीटरवर नीट नेम साधू शकतो, आणि घरातली खोली त्याहून लहान असते. प्रबलच्या जाहिरातीत पन्नास मीटर लिहिलंय. गोळी जाईल हो, तुम्ही लावाल का?

शेतातल्या डुकरांसाठी मात्र विसरा. वन्यजीव संरक्षण कायदा आहे, वनखात्याची परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी .३२ ने रानडुक्कर जखमी होऊन तुमच्याच अंगावर येईल. ते बारा बोअरच्या लांब बंदुकीचं काम. आणि नेमबाजीचं म्हणाल तर मोठ्या स्पर्धा या रिव्हॉल्व्हरने होत नाहीत. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरमध्ये सुवर्ण मिळवलं ते .२२ च्या स्पोर्ट्स पिस्तुलावर, ती जातच वेगळी. हौस असेल तर बालेवाडीला किंवा जवळच्या क्लबात दहा मीटर एअर पिस्तूल लावा. छर्रे स्वस्त, आणि त्यावर बसलेला हात रिव्हॉल्व्हरलाही उपयोगी पडतो. माझा नेम जो काही आहे तो छर्ऱ्यांवर झालाय.

म्हणजे तुमच्या चार कामांपैकी दोन झाली. 'सगळ्याला चालेल अशी' हँडगन कुणीच विकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा पुढेमागे शेतासाठी बारा बोअर लागलीच तर जागा आहे.

रिव्हॉल्व्हरमध्ये कुठलं, हे कमरेवर ठरवा. साधं .३२ सातशे ग्रॅमच्या आसपास, निर्भीक पाचशे. कमरेला दोनशे ग्रॅमचा फरक संध्याकाळपर्यंत चांगला जाणवतो. पण हलकं हत्यार हाताला जास्त झटका देतं आणि खिशालाही. प्रबलची चक्री, म्हणजे गोळ्या बसतात तो फिरता भाग, बाजूला उघडते, मधे मोडत नाही. भरायला सोपी आहे, हातात धरून बघा. मी आज घेतलं असतं तर पुन्हा साधंच घेतलं असतं. जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून २८ चा ४० टक्के झालाय, तेव्हा दीड लाखात तेच ऐसपैस बसेल.

दुकानात दुकानदाराला विचारून रिकामं ट्रिगर ओढून बघा. घोडा, म्हणजे मागची हातोडी, न चढवता ओढलं तर ओढ लांब आणि जड असते. तीच सुरक्षितता आहे, तक्रार करू नका. पण बोट पुरतंय का आणि ओढताना नळी डावीकडे पळते का, ते बघा. घोडा चढवलेल्या स्थितीत चक्री हलवून बघा, किंचित खेळ चालतो, खडखड नको. मग बिलावरचा नंबर, हत्यारावरचा नंबर आणि परवान्यावर चढवलेला नंबर तिन्ही स्वतः वाचा. आमच्याकडे एकाच्या नंबरात तीनाचा आठ झाला होता आणि तो दुरुस्त व्हायला पावसाळा गेला.

प्रवासाआधी परवान्याची हद्द बघा. 'महाराष्ट्र' असेल तर बेळगावच्या लग्नाला हत्यार घरीच. आणि लग्न कुठलंही असो, हवेत बार काढायचा नाही. २०१९ पासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही.

शेवटचा मुद्दा दुकानदार सांगत नाही. निवडणूक आली की हत्यार जमा करण्याची नोटीस येते. २०२४ मध्ये लोकसभेला आणि विधानसभेला, दोनदा मी जमा केलं. हवालदार नंबर वाचतात, 'रिकामे, चालू स्थितीत' असं लिहितात, कापडी पिशवीत घालून सुतळी बांधतात आणि पावती देतात. मग ते महिना-दोन महिने कुणाच्या तरी हत्याराखाली पडून असतं. पहिल्या वेळी मी चामडी होल्स्टरसकट दिलं होतं. परत आलं तेव्हा घामाने भिजलेल्या चामड्याने नळीवर तांबूस नकाशा काढलेला. आता होल्स्टर घरी ठेवतो, हत्याराला आतून-बाहेरून तेल लावतो आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून देतो. दोन महिने न पुसता पडून राहिलं आणि आणल्यावर फडक्याने पुसून चाललं, असं हत्यार मला हवं असतं. आण्णांच्या पिस्तुलाची मॅगझीनची स्प्रिंग आणि स्लाइडच्या खाचा दर वेळी उस्तवारी मागतात.

मेहुण्यांना हे सगळं वाचून दाखवा, पण दुकानात जाताना त्यांना नेऊ नका. पिस्तूल दिसायला फार देखणं असतं.